एक ना धड, भाराभर कोर्सेस

टिंबटिंब
काल रात्री फोनची मेमरी फुल झाली म्हणून साफसफाईला बसले तर कळलं की माझ्याकडे शिकण्याची चार वेगवेगळी ॲप्स आहेत आणि त्यात मिळून अकरा कोर्सेस पडलेत. अकरा! पायथन, एसक्यूएल दोनदा (दुसऱ्यांदा घेतला तेव्हा पहिला घेतलेला आठवतच नव्हता), डिजिटल मार्केटिंग, जर्मन, व्हॉइसओव्हर, शेअर बाजार, असं काय काय आणि एक चक्क 'वेळेचं नियोजन', जो ९ टक्क्यांवर सोडलाय. पूर्ण झालेला फक्त एक, एक्सेलचा.

मी लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहते डोंबिवलीत. आळशी नाहीये हो, पहाटे पाचला उठून दोन डबे करून गाडी पकडणारी बाई आळशी असूच शकत नाही. मग हे असं का होतं म्हणून मी प्रत्येक कोर्स घेतल्याची तारीख बघितली. पायथन अप्रेझलनंतरच्या रात्री. मार्केटिंगचा, शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला काढलं त्या आठवड्यात. जर्मन, मामेभाऊ म्युनिकला गेला तेव्हा. दोन कोर्स ३१ डिसेंबरला. म्हणजे शिकायची हौस आली म्हणून एकही नाही, सगळे घाबरून नाहीतर जळून. आणि पैसे भरल्यावर जे वाटतं ना, की चला आता आपण मार्गाला लागलो, ते त्या रात्रीपुरतं इतकं खरं वाटतं की शांत झोप लागते. बहुतेक मी झोपच विकत घेत होते.

सोडायची जागा पण ठरलेली आहे. पहिला भाग मस्त, सर हसतात, आपण मान डोलवतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी पहिली असाइनमेंट येते आणि तिथे मी 'रविवारी निवांत करू' म्हणते. तो रविवार अजून उजाडायचाय.

तुमचं काय? आणि ज्यांनी पूर्ण केलेत त्यांनी कसे केले ते पण सांगा, भाषण नको.

चहाबिस्कीट
'वेळेचं नियोजन' ९ टक्क्यांवर... हसून हसून पुरेवाट!!
माझे सहा. पूर्ण शून्य. धागा वाचनखुणेत टाकलाय, नंतर निवांत वाचते. (हो, कळलं मला मी काय लिहिलं ते.)

शंकासुर
टिंबटिंब, तुमची आकडेवारी जगाच्या मानाने बरी आहे. अकरात एक म्हणजे ९ टक्के. एमआयटी आणि हार्वर्डच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसची २०१२ ते २०१८ ची माहिती घेऊन 'सायन्स' नियतकालिकात २०१९ ला एक लेख आला होता, त्यात २०१७-१८ ला नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. निम्म्याहून जास्त लोक तर नाव नोंदवून कोर्सच्या आत डोकावलेच नव्हते.

सुरुवातीपासूनच हे असं आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी एआयचा कोर्स सगळ्यांना फुकट खुला केला, १,६०,००० च्या आसपास लोक आले, शेवटपर्यंत साधारण २३,००० टिकले. पुढच्या वर्षी एमआयटीचा सर्किट्सचा पहिला कोर्स, दीड लाखाच्या वर नोंदणी, पास झाले ७,१५७. आणि हा कोर्स सोपा नव्हता बरं का, त्यामुळे सात हजार हा आकडा मला तरी मोठाच वाटतो. एका प्राध्यापकाला सात हजार पोरं पास करायला वर्गात किती जन्म लागतील?

फक्त त्याच लेखात अजून एक आकडा आहे तो पण बघा. ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यात पूर्ण करणारे ४६ टक्के निघाले. आता पैसे भरले म्हणून पूर्ण केलं की पूर्ण करायचंच होतं म्हणून पैसे भरले, हा माझा नेहमीचा शंकासुरी प्रश्न.

टिंबटिंब
@शंकासुर, मी अकराही पैसे भरूनच घेतलेत हो. फक्त दर वेळी ४४९ रुपये.

लोकलकर
४४९ म्हणजे 'सेल संपायला ३ तास बाकी' वाला ना? दादरला फुटपाथवर 'शेवटचे दोन दिवस' म्हणून बोर्ड लावून बसतात, ते बोर्ड उन्हाने पांढरे पडले तरी दोन दिवस संपत नाहीत, तसलाच प्रकार.

माझी गोष्ट. २०१९ ला डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स घेतला होता आणि प्लॅन असा की रोज जाता येता लोकलमध्ये बघायचं, कल्याण ते सीएसएमटी म्हणजे तासाच्या वर, दोन्ही वेळचे मिळून दोन-सव्वादोन तास, तीन महिन्यात कोर्स संपला पाहिजे, कागदावर एकदम पर्फेक्ट हिशोब. प्रत्यक्षात एका हाताने कडी, दुसऱ्या हातात फोन, मागच्याची बॅग पाठीत, ठाण्याला उतरणारे आतूनच रांग लावतात त्यांना वाट द्यायची. तेव्हा फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची, बोगद्यात शिरलं की सरांचा हात हवेतच थांबायचा आणि बाहेर आलं की ते तिसऱ्याच मुद्द्यावर असायचे. स्टॅण्डर्ड डेव्हिएशन मला आजही बोगद्याएवढंच समजलंय.

आणि टिंबटिंब म्हणतात तेच, व्हिडिओ बघता येतो पण असाइनमेंट उभ्याने करता येत नाही. मी व्हिडिओचे ७० टक्के पूर्ण करून एक ओळ कोड न लिहिता सोडला.

चाखून_बघू
थोडा वेगळा सूर लावतो. पूर्ण केलं नाही म्हणजे 'सोडलं' असं कोण म्हणतं? मला ऑफिसात पिव्होट टेबल करायचं होतं, बारा तासांच्या कोर्समधले तीन व्हिडिओ बघितले, काम झालं, निघालो. ॲपच्या हिशोबात मी नापास. वाण्याच्या दुकानातून पावशेर साखर घेऊन आलो तर अख्खं पोतं का नाही उचललं म्हणून कोणी विचारतं का?

स्टॅनफर्डच्याच काही संशोधकांनी २०१३ ला लोकांचे चार गट पाडले होते. पूर्ण करणारे, परीक्षा न देता नुसतं ऐकणारे, मध्येच गळणारे आणि नुसतं चाखून जाणारे. यातले फक्त तिसऱ्या गटातले लोक खरे सोडणारे म्हणायचे. बाकीच्यांनी पोटापुरतं खाल्लंय.

टिंबटिंब
@चाखून_बघू तुमचं पटलं, पण मी तिसऱ्यातलीच आहे. मला पोतं हवं होतं.

गिरगावचे_नाना
तुमचा धागा नातवाने वाचून दाखवला, आता टाईप पण तोच करतोय, चुका त्याच्या.

आम्ही १९७४ साली रात्रीच्या कॉलेजला जायचो. दिवसा गिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर, साडेसहाला वर्ग. पहिल्या वर्षाला पन्नासेक जण होतो, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पंधरा-सोळा उरलो होतो. कोणाचं लग्न झालं, कोणाची पाळी बदलली, कोणाचा भाऊ गावाहून आला आणि खोलीत दिवा लावून वाचायची सोय संपली. तेव्हा 'आताची पिढी चंचल' वगैरे जे कोणी इथे लिहायच्या तयारीत असतील त्यांनी जरा दमाने घ्यावं. गळती तेव्हाही होती. पोस्टाने नोट्स मागवून बी.कॉम. करणारे तर आमच्या चाळीत तीन जण होते, एकाच्या नोट्सची पाकिटं त्याच्या पश्चात न फोडलेली निघाली.

पण एक फरक सांगतो. मी दोन दिवस आलो नाही तर तिसऱ्या दिवशी आमचे इतिहासाचे सर स्वतः गिरणीच्या गेटवर यायचे. बोलायचे काही नाहीत. नुसते चहा पाजायचे.

चहाबिस्कीट
नाना __/\__
ही शेवटची ओळ वाचून कसंतरी झालं.

पडद्यामागचा
मी कोर्स बनवणाऱ्या बाजूला चार वर्षं काढलीत, कंपनीचं नाव विचारू नका. आमच्याकडे भिंतीवर मोठा स्क्रीन होता, त्यावर आज किती लोकांनी पैसे भरले ते दिसायचं. किती लोकांनी पूर्ण केलं हे बघायला वेगळा रिपोर्ट मागवावा लागायचा आणि तो मागवणारा माणूस मी एकटाच होतो बहुतेक. विकणाऱ्या पोरांना टार्गेट नोंदणीचं. शिकवणाऱ्याला टार्गेट तासांचं, म्हणून कोर्स लांबवायचा, '६० तासांचा भरगच्च अभ्यासक्रम' लिहिता आलं पाहिजे.

एडएक्स म्हणून ऑनलाइन कोर्सेसचा प्लॅटफॉर्म आहे, त्याच्या लाखो व्हिडिओ-सेशन्सवर २०१४ ला एक अभ्यास झाला होता, व्हिडिओ कितीही लांब असो, माणूस साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे फारसा टिकत नाही असं त्यात निघालं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर काय केलं असेल? चाळीस मिनिटांच्या व्हिडिओचे सात तुकडे केले. तेच सर, तोच शर्ट, मधेच वाक्य तोडून 'पुढच्या भागात बघू'. याला शिकवणं सोपं केलं असं म्हणतात.

आठवण करून देणारे मेसेज, 'तुम्ही कधी बसणार ते आधीच लिहून ठेवा' असले प्रयोग पण झालेत. हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्डच्या कोर्सेसवर अडीच लाखांहून जास्त लोकांवर करून बघितलं, २०२० ला छापून आलं. वेळापत्रक लिहून घेतलं की पहिले काही आठवडे जरा फरक पडतो, मग विरून जातो. नोटिफिकेशन म्हणजे नानांचे सर नव्हेत.

विरारफास्ट
४४९ वाले सुखी आहात. मी सव्वा लाखाचा घेतलाय, 'फुल स्टॅक', म्हणजे अख्खी वेबसाइट बनवायला शिकवणारा. समुपदेशक म्हणून जो फोनवर होता तो 'दादा दादा' करून बोलायचा, आईशी पण बोलला, नोकरीची हमी म्हणाला. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे मला वाटलं फी हप्त्याने. प्रत्यक्षात ते कर्ज असतं, दुसऱ्याच फायनान्स कंपनीकडून, तिने एकरकमी पैसे क्लासवाल्यांना देऊन टाकलेले असतात आणि आपण देणं लागतो फायनान्स कंपनीला. त्यामुळे दोन महिन्यांनी शिकवणारे बदलले, शंका विचारायच्या ग्रुपवर कोणी उत्तर देईना, म्हणून मी सोडला, तरी हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातोच. थांबवला तर सिबिल खराब.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी एवढंच बघा की सही कशावर करताय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जात सुरुवातीला दंड न भरता बाहेर पडायची मुदत द्यावी लागते, पण ती अगदी थोड्या दिवसांची असते, आणि तेवढ्या दिवसात तर आपण नवीन वहीला कव्हर घालत असतो. दर महिन्याला पाच तारखेला मला कोर्सची आठवण येते. अभ्यासाची नाही.

लोकलकर
वाईट वाटलं रे. अजून किती हप्ते?

विरारफास्ट
सात.

मास्तर_बोला
मी नवी मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो, आमच्याकडे एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर आहे, मी त्यात मेंटॉर. आयआयटी आणि आयआयएस्सीवाल्यांचे कोर्स, नाव नोंदवायला फुकट, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचे पैसे भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. आमच्या पोरांनी भरले तेव्हा कोर्समागे हजार रुपये होते. बारा आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट्सचे २५ आणि परीक्षेचे ७५.

आता गंमत बघा. नोंदणी करताना वर्गातले साठच्या साठ. क्रेडिट मिळतात ना, स्वयंमवरून (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल) ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला यूजीसीची परवानगी आहे. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की वीस. त्यातले सतरा-अठरा परीक्षेला बसतात. म्हणजे गळती कोर्समध्ये होतच नाही फारशी, ती फॉर्मच्या खिडकीपाशी होते. ज्याने फॉर्म भरला, ज्याला तारीख आणि केंद्र मिळालं, घरी सांगितलं की अमुक रविवारी पेपर आहे, तो करतो.

बाकी इंग्रजीचा मुद्दा कोणी काढला नाही अजून. माझ्याकडे महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेली हुशार पोरं आहेत. परदेशी कोर्समध्ये संभाव्यता शिकवताना बेसबॉलची उदाहरणं येतात, त्या पोराला आधी बेसबॉल शिकावा लागतो. तो सोडतो तेव्हा त्याला वाटतं आपल्याला गणित येत नाही. एनपीटीईएलने बऱ्याच कोर्सेसचा मजकूर मराठीतही आणलाय, कोणाला लागला तर बघा.

मुलुंडची_मावशी
एवढं सगळं वाचलं, एकानेही खरी गोष्ट लिहिली नाही. मी लिहिते.

मी २००६ ला गल्लीतल्या सेंटरला जाऊन एमएस-सीआयटी केलं. दुपारी तीन ते पाच. सासूबाई कुरकुरल्या पण पावणेतीनला मी साडी बदलली की त्यांना कळायचं ही आता निघाली, धाकट्याला त्या घ्यायच्या. एक दिवस चुकला नाही. आता गेल्या वर्षी बेकिंगचा ऑनलाइन कोर्स घेतला, घरातल्या टेबलावर, तीच दुपारी तीनची वेळ. पहिल्या दिवशी मिस्टरांनी चहा मागितला. मी म्हटलं कोर्स चाललाय, तर म्हणाले मोबाईलवरच तर आहेस. दुसऱ्या दिवशी सिलिंडरवाला, तिसऱ्या दिवशी मुलगा 'आई माझा चार्जर'. कोणी वाईट नाही हो माझ्या घरात. पण बाई उंबऱ्याबाहेर पडली की ती 'क्लासला गेली', आणि घरातच हेडफोन लावून बसली की ती रिकामी बसलीये.

वन रूम किचनमध्ये दार लावून बसा म्हणणाऱ्यांनी आधी दार कुठलं ते सांगावं, बाथरूमचं?

टिंबटिंब
मावशी!!! हेच. हेच मला सांगता येत नव्हतं.

आता आठवलं, एक्सेलचा जो एक पूर्ण झाला ना, तो मी घरी केलाच नव्हता. ऑफिसात आम्ही तिघी लंच टाइमला पॅन्ट्रीत बसून करायचो, एकीच्या लॅपटॉपवर. आमच्यातली एक तर एवढी खडूस होती की मी डबा उघडायच्या आत 'कालचं सोडवलंस का' विचारायची. तेव्हा राग यायचा, आता तिने कंपनी सोडली.

शंकासुर
यावरून एक आठवलं. वर मी एमआयटीच्या सर्किट्सच्या कोर्सचं लिहिलं ना, त्यात ३४० जणांना पैकीच्या पैकी मार्क पडले, त्यातला एक मंगोलियातला पंधरा वर्षांचा मुलगा, बट्टुशिग नावाचा. पेपरात मोठमोठ्या बातम्या आल्या, बघा इंटरनेटने काय जादू केली. खाली बारीक वाचलं तर कळायचं की त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते, आणि त्यांनी स्टॅनफर्डहून एकाला बोलावून त्या मुलांकडून शाळेत प्रत्यक्ष सर्किटं जोडून घेतली होती. म्हणजे पोरगं हुशार होतंच, पण खोली होती, माणूस होता, बरोबरची पोरं होती.

चाखून_बघू
म्हणजे ऑनलाइन कोर्स पूर्ण करायला ऑफलाइन माणसं लागतात? मग घ्यायचा कशाला, गल्लीतला क्लासच बरा.

मास्तर_बोला
गल्लीत आयआयटीचे प्रोफेसर येत नाहीत ना राव.

गिरगावचे_नाना
आमच्याकडे सौ. दर श्रावणात पारायणाला बसते. सात दिवस, ठरलेले अध्याय, ठरलेली वेळ. ती म्हणते त्यात अवघड वाचन नसतंच, अवघड असतो संकल्प. एकदा संकल्प केला की मग बिल्डिंगभर सगळ्यांना माहीत असतं, सातव्या दिवशी प्रसादाला यायचंय. मध्येच कसं उठणार? तुमच्या कोर्सला उद्यापन ठेवा आणि चार घरी आधी आमंत्रण देऊन या.

पडद्यामागचा
नाना, हे मी मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं. शिऱ्यासकट.

लोकलकर
एक येडी आयडिया. भिशी लावूया. पाच-सहा जण, प्रत्येकी ५०० रुपये एकाकडे. एकच कोर्स सगळ्यांनी घ्यायचा, छोटा, सहा आठवड्यांचा. दर शनिवारी ज्याने असाइनमेंट दिली नाही त्याचे १०० कापायचे. शेवटी कापलेल्या पैशांची पार्टी, ती पूर्ण करणाऱ्यांनी करायची. व्हिडिओ कोणी किती बघितला हे विचारायचंच नाही, फक्त असाइनमेंट. आणि महिन्यातून एकदा समोरासमोर भेटायचं, दादरला, सगळ्यांना सोयीचं पडतं.

चहाबिस्कीट
मी!! (नापास झाले तर पार्टीला बाहेर उभी राहीन)

मुलुंडची_मावशी
मला पण घ्या, पण पायथन बियथन नको. आणि दर शनिवारी घरी सांगून निघता आलं तर फार बरं, महिन्यातून एकदा कमी पडेल मला. ठाण्याला आमच्या बहिणीच्या सोसायटीजवळ अभ्यासिका आहे, तासावर बसू देतात, शनिवारी मी तिथे बसणार. कोणाला यायचं तर या.

विरारफास्ट
माझे ५०० नंतर देतो चालेल का, पाच तारीख जाऊ दे.

टिंबटिंब
तुझे नकोत रे. तू बाकीच्यांना शिकव, फुल स्टॅकचे दोन महिने झालेत ना तुझे.

टिंबटिंब
अपडेट, कारण खाजगी मेसेज करून करून विचारताय.

गूगल शीट्सचा बेसिक कोर्स घेतला, सहा आठवड्यांचा. सात जण जमलो, आज चौथा शनिवार. चहाबिस्कीट दुसऱ्याच आठवड्यात गळली, कारण विचारलं तर 'निवांत करणार होते'. लोकलकरने असाइनमेंट गाडीत उभ्याने फोनवर केली आणि ती दिसतेही तशीच, पण नियमाप्रमाणे दिली म्हणजे दिली. मावशींच्या सगळ्या वेळेत आहेत, आणि त्यांनी परवा केकच्या ऑर्डरींचा हिशोब शीटवर घातला, त्यात कळलं की मावा केक त्या गेलं वर्षभर तोट्यात विकतायत. मिस्टर आता शनिवारी स्वतःच विचारतात, क्लासला नाही जायचं का.

माझी तिसरी असाइनमेंट राहिली होती. शुक्रवारी रात्री साडेअकराला मावशींचा फोन. म्हणाल्या काही नाही, जेवलीस का विचारायला केला. मी फोन ठेवला आणि उठून लॅपटॉप उघडला.

कापलेले पैसे आत्तापर्यंत ७०० झालेत. @शंकासुर, तुमच्या दोन असाइनमेंट्स बाकी आहेत आणि मूळचे ५०० पण अजून आलेले नाहीत. आकडेवारी नको, जीपे करा.